गायतोंडे, झेन आणि भिंतीवरची पाटी

बिनरेघी
मंडळी, बरेच दिवस डोक्यात एक किडा वळवळतोय, तो इथे सोडते. अमूर्त चित्रं करणारे वासुदेव गायतोंडे यांच्यावर काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला 'झेन' (जपानी बौद्धांचा ध्यानमार्ग), 'ध्यान', 'मौन' किंवा मुंबईतले आध्यात्मिक गुरू 'निसर्गदत्त महाराज' हजर असतात. चित्रकार सय्यद हैदर रझांचं नाव निघालं की 'बिंदू' आणि पुरुष-प्रकृती. तिकडे युरोपात कॅन्डिन्स्की, मॉन्ड्रियान हे चित्रकार म्हटलं की थिऑसॉफी, म्हणजे सगळ्या धर्मांतलं गूढ ज्ञान एकत्र करू पाहणारी चळवळ. संगीतात जॉन केज म्हटलं की पुन्हा झेन. गेल्या शतकात जी कला सगळं जुनं मोडायला निघाली होती, तिच्या पाठीशी कुठलं ना कुठलं पूर्वेचं अध्यात्म उभं आहे, असं हे सगळे लिहिणारे सांगतात.

माझी शंका अशी, की हे चित्रात असतं की चित्राशेजारच्या पाटीवर? दिल्लीला एनजीएमएत (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात) गायतोंड्यांचं चित्र पाहिलं तेव्हा रंग आवडला, बस. मग बरोबरच्या मैत्रिणीने त्यांच्यावरचा मजकूर मोबाइलवर वाचून दाखवला आणि मला लगेच 'शांत' वाटायला लागलं! आता हे शांत वाटणं रंगाचं की वाचनाचं? चित्रकलेचं शिक्षण नाही, तेव्हा जरा सोप्या भाषेत सांगा. आणि कृपा करून किमतींवरून भांडू नका, त्यासाठी वेगळा धागा आहे.

शंकासुर
पाटीवर. धागा बंद करायला हरकत नाही.

वांगीभात
किमतीवरून भांडू नका म्हणालात ना, मग भांडणारच. २०१३ साली मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. विकणाऱ्याची समाधी अजून उतरली नसेल.

जुना_जेजेकर
शंकासुरराव, एवढी घाई नको. बिनरेघीताई, तुम्ही लांबून पाहिलंत की जवळ जाऊन?

गायतोंड्यांचे साठ-सत्तरच्या दशकातले कॅनव्हास अगदी जवळून बघा, रखवालदार ओरडेपर्यंत. ब्रश फिरल्याची खूण जवळजवळ सापडत नाही. रंग रोलरने चढवलेला आहे आणि पॅलेट नाइफने (रंग कालवायच्या सुरीने) खरवडून काढलेला आहे. पातळ थर, तो वाळला की पुन्हा पातळ थर. मग वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर दाबायचे आणि उचलायचे. कागद वरचा रंग घेऊन येतो आणि खालचा थर उघडा पडतो. ती जी लिपीसारखी, पण कुठल्याच भाषेत न लागणारी चिन्हं रंगात तरंगताना दिसतात, ती पुष्कळदा अशी आलेली असतात.

कॉलेजात असताना आम्ही पोरांनी हे करून पाहिलं होतं. रोलरला रंग जरा जास्त लागला की नुसता चिखल. पातळ केला की ओघळ. कागद घाईने उचलला तर काहीच निघत नाही, आणि चहा पिऊन येईपर्यंत ठेवला तर कागदच चिकटून बसतो, मग नखांनी खरवडा. बरं, हे सगळं जमलं तरी खरी पंचाईत पुढेच: आता थांबायचं कधी? पुढचा एक थर चढवला तर चित्र उजळेल की मरेल, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. गायतोंडे वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करायचे. बाकीचा वेळ कोऱ्या कॅनव्हाससमोर बसलेले असायचे, असं त्यांना ओळखणारे सांगतात. माझ्या मते तुमच्या त्या झेनची जागा या बसण्यात आहे. चित्रात बुद्ध, कमळ, ॐ यातलं काही शोधू नका, सापडणार नाही.

शंकासुर
बसून राहण्यालाच अध्यात्म म्हणायचं असेल तर आमच्या ऑफिसात अख्खा मठ आहे.

गंमत सोडा. थर पातळ असणं, कागद वेळेवर उचलणं ही कारागिरी झाली, आणि ती उत्तमच आहे. पैठणी विणणाराही तितक्याच एकाग्रतेने बसतो. त्याच्या मागावर कुणी 'झेन' अशी पाटी लावत नाही. मग इथेच का? कारण कॅनव्हासवर काही ओळखू येत नाही, आणि बघणाऱ्याच्या हातात काहीतरी द्यायला हवं.

गिरगावकर
हे अवांतर वाटेल, पण धाग्याला धरूनच आहे.

थिऑसॉफिकल सोसायटी न्यूयॉर्कला १८७५ मध्ये निघाली, हे बहुतेकांना माहीत असतं. पण १८७९च्या फेब्रुवारीत तिचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट बोटीने मुंबईत उतरले आणि बिऱ्हाड केलं ते आमच्या गिरगावात! 'द थिऑसॉफिस्ट' मासिकाचा पहिला अंक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईतून निघाला. मद्रासजवळ अड्यारला मुक्काम हलला तो १८८२च्या अखेरीला. पुढे याच संस्थेतल्या अॅनी बेझंट आणि लेडबीटर यांनी प्रत्येक विचाराला आणि भावनेला स्वतःचा रंग आणि आकार असतो, असं सांगणारं सचित्र पुस्तक काढलं. राग म्हणजे लाल विजेसारखे फटकारे, भक्ती म्हणजे निळा उंच शंकू, अशी चित्रं आहेत त्यात. कॅन्डिन्स्कीने कलेतल्या आत्मिक तत्त्वावरचं आपलं गाजलेलं पुस्तक १९११च्या अखेरीला छापलं, त्यात ब्लाव्हाट्स्कीबाईंचं नाव घेऊन उल्लेख आहे. मॉन्ड्रियान तर १९०९ मध्ये रीतसर सभासद झाला.

आता नकाशा काढा. गायतोंडे जन्मले नागपूरला, १९२४ मध्ये. घराणं गोव्याचं, पण वाढले गिरगावच्या चाळीत. निसर्गदत्त महाराज खेतवाडीत राहायचे, विड्यांचं दुकान होतं त्यांचं. म्हणजे ज्या गल्ल्यांतून थिऑसॉफीने इथे पाय रोवले, तिथून हाकेच्या अंतरावर पुढच्या शतकात हे दोघे. मधल्या काळात तीच कल्पना म्यूनिक, हेग, पॅरिस असं हिंडून आली. आमच्या वॉर्डाला कुणी तरी फलक लावायला पाहिजे.

वांगीभात
फलक लावा, पण खाली 'येथे थुंकू नये' लिहायला विसरू नका.

मुग्धमन
गिरगावकर, माहिती झकास. पण कॉलर ताठ करायच्या आधी एक मिनिट थांबा.

थिऑसॉफी 'आपली' होती असं म्हणणं फार ओढून-ताणून आहे. ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या त्या मिश्रणात इजिप्त होतं, कबाला (ज्यूंची गूढविद्या) होतं, मृतात्म्यांशी बोलण्याचं युरोपातलं खूळ होतं, आणि त्यावर वेदान्त-बौद्ध मताची फोडणी. मॉन्ड्रियानच्या आडव्या-उभ्या रेघांत त्याच्या घरचं कॅल्विनपंथी (कडक प्रॉटेस्टंट ख्रिस्ती) वळण किती आणि अड्यार किती, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही.

या सगळ्यांत माझी लाडकी बाई म्हणजे स्वीडनची हिल्मा अफ क्लिंट. ही चार मैत्रिणींबरोबर बैठका घ्यायची, पाचजणी मिळून 'आत्म्यांचे' संदेश उतरवून घ्यायच्या. १९०६ मध्ये तिने 'मंदिरासाठीची चित्रं' सुरू केली आणि १९१५ पर्यंत १९३ चित्रं केली. १९०६ लक्षात घ्या, कॅन्डिन्स्कीची अमूर्त चित्रं त्यानंतरची. १९०७ची तिची दहा प्रचंड चित्रं आहेत, एकेक तीन मीटरहून उंच. कागदावर टेम्पेराने केलेली. नारिंगी, फिकट जांभळा, मधूनच बाळबोध वळणाची अक्षरं, गोगलगाईसारखे वेटोळे, फुलांच्या पाकळ्या. विषय काय, तर बालपण, तारुण्य, प्रौढपण, म्हातारपण. आणि बाईने मागे सांगून ठेवलं, की माझ्या मृत्यूनंतर वीस वर्षं ही कुणाला दाखवू नका. १९४४ला ती गेली. लोकांनी ती चित्रं पहिल्यांदा नीट पाहिली १९८६ मध्ये, लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात. २०१८-१९ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात तिचं प्रदर्शन भरलं तेव्हा सहा लाखांवर माणसं आली.

बिनरेघी, तुमच्या प्रश्नाला ही बाई फार अडचणीत टाकते. तिच्याकडे पाटी नव्हतीच. बघणारेही नव्हते. तरी चित्रं आहेत.

शंकासुर
मुग्धाताई, मुद्दा चांगला आहे. पण तिच्याकडे पाटी नव्हती असं कसं? पाटीच पाटी होती! कुठला रंग पुरुषाचा, कुठला स्त्रीचा, कुठलं अक्षर कशासाठी, याच्या वह्याच्या वह्या भरून ठेवल्या आहेत बाईंनी. फक्त आपल्याला वाचायला उशिरा मिळाल्या.

मुग्धमन
हे मान्य. निळा म्हणजे स्त्री, पिवळा म्हणजे पुरुष, वगैरे. पण त्या वह्या न उघडताही ती नारिंगी भिंत अंगावर येते हो. फोटोत नाही येत.

तानपुरी
चित्रांतलं मला कळत नाही, म्हणून कानाकडून येते.

अमेरिकेत ला माँट यंग नावाचा संगीतकार आहे. १९६० मध्ये त्याने एक 'रचना' लिहिली. कागदावर फक्त दोन सूर आणि खाली सूचना: पुष्कळ वेळ धरून ठेवा. आमच्या भाषेत सांगायचं तर सा आणि प. संपलं. तिकडे हा बॉम्ब होता, कारण पाश्चात्य संगीत सतत कुठेतरी निघालेलं असतं, इथे कुठेच जायचं नाही. आपल्या घरात मात्र आजी संध्याकाळी तानपुरा जुळवून बसली की हेच चालायचं, आणि त्याला कुणी 'रचना' म्हणत नसे, गाणं अजून सुरू व्हायचंय असं म्हणत.

पुढची गोष्ट जास्त रंगतदार आहे. १९७० मध्ये किराना घराण्याचे पंडित प्राणनाथ न्यूयॉर्कला गेले. उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य, आलाप इतका संथ की श्रोत्याचा कस लागावा. इकडे त्यांना मैफली फारशा मिळाल्या नाहीत. तिकडे हा ला माँट यंग, त्याची बायको मारियन झाझीला आणि टेरी रायली असे तिघे त्यांचे गंडाबंध शागीर्द झाले. नुसतं 'प्रभाव पडला' असं नाही. गुरूच्या घरी चहा करणं, सेवा करणं, पहाटे उठून खर्ज लावणं, सगळं. वर्षानुवर्षं.

किरान्याचं महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेचेच झाले, सवाई गंधर्व, भीमसेनजी त्याच वाटेवरचे. म्हणजे मिरजेत ज्या स्वरावर लोक माना डोलावत होते, त्याच घराण्याची दुसरी पाती मॅनहॅटनमध्ये 'अवाँ गार्द' (काळाच्या पुढची, प्रयोगशील) ठरली. शंकासुर, तुमची पाटी इथे लावून दाखवा. इथे पाटी नाही, रियाज आहे.

हरिपाठी
वा तानपुरीताई! +१

वांगीभात
आणि तो जॉन केज? पियानोवाला येऊन बसतो, साडेचार मिनिटं काहीच वाजवत नाही आणि उठून जातो. आमच्याकडे महावितरण साडेचार तासांची मैफल फुकट करतं.

तानपुरी
@वांगीभात, हसले. चार मिनिटं तेहतीस सेकंद, १९५२चा ऑगस्ट, न्यूयॉर्क राज्यातलं वुडस्टॉक. पियानोला डेव्हिड ट्यूडर होता. मागच्या बाजूने उघडं असलेलं लाकडी सभागृह, बाहेर झाडी. वारा, पाऊस आणि शेवटी चिडून उठून जाणाऱ्या लोकांचे आवाज, हे सगळं त्या रचनेत धरलेलं आहे.

पण केजची खरी सुरुवात झेनपासून नाही, अहमदाबादपासून आहे. १९४६ मध्ये गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या. तो त्यांना पाश्चात्य संगीत शिकवायचा, त्या त्याला हिंदुस्थानी. त्याने विचारलं, तुमच्या गुरूंच्या मते संगीत कशासाठी असतं? त्या म्हणाल्या, मन शांत आणि निवळ करून दैवी गोष्टींना वाट मोकळी करून देण्यासाठी. हे त्याने जन्मभर लोकांना सांगितलं. जाताना त्या त्याला रामकृष्ण परमहंसांच्या संवादांचं पुस्तक देऊन गेल्या. त्यानंतर पियानोच्या तारांत स्क्रू आणि रबर अडकवून त्याने जे सोनाटे केले, ते आपल्या रसांवर बेतलेले आहेत. जपानी विद्वान डी. टी. सुझुकींची झेनवरची व्याख्यानं कोलंबिया विद्यापीठात ऐकली ती त्याच्याही नंतर.

शंकासुर
तानपुरीताई, प्राणनाथांच्या शिष्यांपुढे मी शस्त्रं खाली ठेवतो. केजपुढे नाही. एका वाक्यावर आणि एका पुस्तकावर जन्म काढणं म्हणजे आपल्याकडे फॉरवर्ड आलेल्या सुविचारावर जगणं झालं.

हरिपाठी
मी चित्रकलेत अडाणी, पण निसर्गदत्त महाराजांचं नाव निघालं म्हणून लिहितो.

महाराज इंचगिरी संप्रदायाचे, सिद्धरामेश्वर महाराजांचे शिष्य. माडीवरच्या छोट्या खोलीत बोलायचे आणि ठसठशीत मराठीत बोलायचे. परदेशी माणसं समोर बसलेली, मध्ये दुभाषे. मॉरिस फ्रिडमन यांनी ते संवाद इंग्रजीत आणले, १९७३ मध्ये पुस्तक निघालं आणि महाराज जगभर पोचले. आपण मराठी माणसं बहुतेक त्या इंग्रजी वाटेनेच त्यांच्याकडे परत आलो, हा आपला करंटेपणा.

आता खटकतं ते सांगतो. त्या खोलीत 'तू शरीर नाहीस, नाव नाहीस, मन नाहीस' हे तोंडावर सांगितलं जायचं. ऐकणाऱ्याचा सगळा डोलारा खाली यायचा. आणि ही गोष्ट आज कुठे येऊन ठेपली आहे? हॉटेलच्या लॉबीत पितळी बुद्ध, शेजारी पाण्याचा कारंजा, वर एक धूसर पिवळं अमूर्त चित्र, आणि म्हणे 'मेडिटेटिव्ह स्पेस'. गायतोंड्यांना मी दोष देत नाही. ते महाराजांकडे गेले, रमण महर्षींचं वाचलं, कृष्णमूर्ती वाचले, त्यांना जे मिळालं ते त्यांचं. पण चित्र विकत घेऊन ते भिंतीवर टांगता येतं, असं ज्यांना वाटतं त्यांच्याबद्दल बोलतोय.

वांगीभात
विकत घेण्यावरून आठवलं. फ्रान्सचा ईव्ह क्लाइन. हा माणूस जपानला जाऊन कोदोकान या जुडोच्या मूळ संस्थेतून चौथा दान (ब्लॅक बेल्टची चौथी पायरी) घेऊन आला, परत येऊन सगळी चित्रं एकाच निळ्या रंगात रंगवायला लागला. मग म्हणाला, आता रंगही नको. 'अमूर्त संवेदनेचे विभाग' सोनं घेऊन विकायला लागला. म्हणजे काहीच द्यायचं नाही, फक्त पावती. पावती जाळलीत तर तो निम्मं सोनं सीन नदीत टाकणार. लोकांनी खरंच घेतली आणि खरंच जाळली! हरिपाठीकाका, ह्याला वैराग्य म्हणायचं की कॉर्पोरेट?

हरिपाठी
इंद्रायणीत टाकलं असतं तर विचार केला असता.

टिंबटिंब
रझांवर कुणी बोलत नाहीये म्हणून येतो. नावावरून पक्ष कळलाच असेल.

रझा मध्यप्रदेशातल्या मंडला भागातले, शाळेत लक्ष लागत नव्हतं म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं, याच्याकडे बघत बस. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले, १९५० मध्ये पॅरिसला गेले, तीस वर्षं तिकडची निसर्गचित्रं केली, नाव झालं, आणि मग पोकळी जाणवायला लागली. तेव्हा तो ठिपका परत आला. १९८१चं 'माँ' पाहा. काळा बिंदू, भोवती तापलेले लाल-पिवळे चौकोन, आणि खाली देवनागरीत हिंदी ओळ: आई, परत येईन तेव्हा काय आणू? अशोक वाजपेयींच्या कवितेतली. हे चित्र पाहून ज्याला काही होत नाही त्याने डॉक्टरकडे जावं.

जुना_जेजेकर
'माँ'ला माझाही दंडवत. पण खरं सांगू का, नंतरच्या वीसेक वर्षांत त्या बिंदूचा शिक्का झाला. पंचमहाभूतांचे पाच रंग, उलट-सुलट त्रिकोण, मध्ये वर्तुळ. देखणं आहे, पण पुढच्या कोपऱ्यात काय येणार हे आधीच ठाऊक असतं. गायतोंडे आणि रझा यांच्यात मी फरक करतो तो इथे.

याच संदर्भात प्रभाकर बरवे आठवा. नागावचे. जेजेतून बाहेर पडल्यावर विणकर सेवा केंद्रात नोकरी लागली आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला बनारसला बदली झाली. तिथे तंत्रसाधनेतल्या आकृत्या, यंत्रं, चिन्हं हे सगळं अंगात भिनलं, आणि त्या काळातली चित्रं पूर्ण तांत्रिक वळणाची आहेत. तो काळच तसा होता. अजित मुखर्जींचं तंत्रकलेवरचं पुस्तक याच दशकात आलं, १९७१ला लंडनच्या हेवर्ड गॅलरीत तंत्राचं मोठं प्रदर्शन भरलं, हिप्पी मंडळी इकडे येतच होती. बरव्यांनी त्या लाटेवर बसून आयुष्य काढलं असतं तर कुणी अडवलं नसतं. त्यांनी ते सोडून दिलं! आणि एनॅमल रंगात घड्याळ, पान, शंख, सेफ्टी पिन असल्या साध्या वस्तू एका रिकाम्या अवकाशात ठेवायला लागले. यंत्र गेलं आणि अवकाश राहिला. 'कोरा कॅनव्हास' वाचा त्यांचं, मराठीत आहे, आणि त्यात अध्यात्माची जडजड भाषा नाही.

टिंबटिंब
शिक्का? अहो, वारकरी रोज तोच हरिपाठ म्हणतो, त्याला शिक्का म्हणाल का? रझा तर जप म्हणायचे त्याला. नवं काही केलंच पाहिजे ही मागणीच मुळात पॅरिसची.

जुना_जेजेकर
जपाची प्रत गॅलरीत विकायला जात नाही, टिंबटिंबराव.

संपादक
लिलावाच्या आकड्यांवरचे अकरा प्रतिसाद त्या विषयाच्या धाग्यावर हलवले आहेत. वांगीभात, हे शेवटचं.

दूरदेशी
जर्सीहून. २०१४च्या हिवाळ्यात गुगेनहाइमला गायतोंड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा गेलो होतो. त्या गोल उतरत्या इमारतीत, बाहेर कडाक्याची थंडी, आणि आत एका मराठी-कोकणी माणसाची चित्रं. ऊर भरून आला हे नाकारत नाही. पण शंकासुर म्हणतात ती पाटी तिथेही होती, झेनसकट.

मला वाटतं, त्या पाटीचाही इतिहास तपासायला हवा. वॉर्डन रोडच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये गायतोंड्यांची खोली होती. तिथेच रविशंकरांचं संगीत चालायचं, गच्चीवर दिग्दर्शक अल्काझींची नाटकं व्हायची. १९६३ मध्ये मॉरिस ग्रेव्हज हा अमेरिकन चित्रकार तिथे येऊन गेला. तो स्वतः झेनने भारलेला, पक्ष्यांची गूढ चित्रं काढणारा. भारावून त्याने न्यूयॉर्कच्या गॅलरीला कळवलं, की हा माणूस ऐन बहरातल्या रॉथ्को या नावाजलेल्या अमेरिकन चित्रकाराच्या तोडीचा आहे. पुढच्या वर्षी रॉकफेलरांच्या निधीतून गायतोंडे न्यूयॉर्कला गेले, तिथल्या विलर्ड गॅलरीत प्रदर्शनही झालं.

म्हणजे ज्याने तिकडे पहिली शिफारस केली तोच झेनचा चष्मा लावून आला होता! त्या काळात तिकडच्यांना पूर्वेकडून शांतता हवी होती. गोंगाट, राजकारण, चाळ, नळावरची भांडणं नको होती. गायतोंडे युरोपातल्या पॉल क्ले या चित्रकारावर जीव टाकायचे, सिनेमे बघायचे, पाश्चात्य संगीत ऐकायचे, हे पाटीवर क्वचित येतं. अर्थात झेन त्यांच्यावर कुणी लादलं असं मी म्हणत नाही. १९५७ मध्ये टोकियोला तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना बक्षीस मिळालं होतं, आणि झेनवर ते आपणहून वाचत होते. फक्त एका माणसाचा एकच कप्पा सारखा उघडून दाखवतात, याचा मला राग येतो.

शंकासुर
दूरदेशी, तुम्ही माझंच म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत. धन्यवाद.

दूरदेशी
नाही हो, अर्धंच. पाटी अपुरी आहे म्हणतोय, खोटी आहे असं नाही.

बिनरेघी
बापरे, दोन दिवस इथे फिरकले नाही तर केवढं लिहिलंय सगळ्यांनी! वाचनखूण साठवली आहे.

आता परत माझ्या शंकेकडे. तानपुरीताईंचं उदाहरण मला सगळ्यात पटलं. प्राणनाथांच्या शिष्यांनी वर्षं घालवली, तिथे 'प्रभाव' वगैरे सैल बोलायची सोय नाही. कॅन्डिन्स्कीने मात्र पुस्तकं वाचली. रझांकडे लहानपण होतं. हिल्माबाईंकडे बैठका. या सगळ्यांना एकाच पिशवीत घालून 'पूर्वेचं अध्यात्म' असं लेबल लावणं हीच लबाडी आहे, इथवर मी आले. पण गायतोंड्यांना कुठे ठेवायचं ते अजून कळलेलं नाही. नुसतं समोर बसणं हा रियाज म्हणायचा का?

जुना_जेजेकर
एक गोष्ट सांगतो, मग ठरवा. १९८४ मध्ये दिल्लीत त्यांना अपघात झाला, मान जायबंदी झाली. उभं राहून मोठ्या कॅनव्हासवर रोलर चालवणं काही वर्षं बंद पडलं. तोवर पद्मश्री झालेली, नाव झालेलं, निजामुद्दीनच्या बरसातीत (गच्चीवरच्या खोलीत) एकटाच माणूस. त्या काळात त्यांनी काय केलं? कागदावर शाईची लहान लहान रेखाटनं. काही थोडक्या खुणा, बाकी कागद तसाच. मोठ्या चित्रांसारखा रंगाचा डामडौल नाही, थरांची जादू नाही. पुढे पुन्हा कॅनव्हासवर आले. नुसती कारागिरी असती तर हात अडकल्यावर ती संपायला हवी होती, असं मला वाटतं. शंकासुर नाही म्हणतील.

शंकासुर
नाहीच म्हणतो. हात अडकल्यावर लहान कागदावर काम करणं याला चिकाटी म्हणतात, आणि चिकाटीला मी झेनपेक्षा जास्त मान देतो. पण ती रेखाटनं बघायची आहेत. कुठे मिळतील?

दूरदेशी
पुस्तकांत छापलेली आहेत. पण छापील पाहून भांडू नका, आधी अस्सल कॅनव्हास बघा. मुंबईत असाल तर काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे, त्यात गायतोंडे आहेत. मांडणी बदलत असते, आधी फोन करून विचारा.

गिरगावकर
कुलाब्याला टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेतही आहेत! होमी भाभांनी संस्थेसाठी चित्रं घ्यायला सुरुवात केली तेव्हाची. शास्त्रज्ञ रोज त्यांच्या शेजारून चहाला जातात. पण आत सोडत नाहीत असं-तसं, ओळखीचं कुणी असेल तर बघा.

मुग्धमन
टीआयएफआरमध्ये माझी वहिनी आहे. विचारते. पण जास्त माणसं नको, चार-पाचच.

टिंबटिंब
निकल्सन संग्रहात रझा पण आहेत, तेही बघायचे. जेजेकरांना माझ्याशेजारी उभं करा.

वांगीभात
मी येतो. तोंड उघडणार नाही, चार मिनिटं तेहतीस सेकंद. त्यानंतर जेवायला कुठे जायचं ते आत्ताच ठरवा.